आज गवा ओढ्याच्या बाजूला आहे

माझा आवाज मोठा आहे, हे मी वेगळं सांगायची गरज नाही. तो दोन गावं सोडून ऐकू येतो. माझी एक तीनचाकी रिक्षा आहे, तिच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि ॲम्प्लिफायर, आणि पुढं मी. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगर सुरू व्हायच्या आधी जी पाच-सहा गावं लागतात, तिथं कुस्तीचं मैदान असो, नळाला पाणी न येणं असो, कुणाची म्हैस सुटलेली असो, नाहीतर कुणाची निवडणूक असो, लोकांना कळतं ते माझ्या तोंडून. बायको म्हणते, घरात तरी आवाज बारीक करा. तो बटणावर चालत नाही, त्याला मी काय करू?

गेल्या वर्षी आमच्या भागाचे रेंजर साहेब गेले. वनखात्याचे अधिकारी, गव्याच्या धडकेत गेले. वर्ष झालं तसा गावानं त्यांचा पहिला स्मृतिदिन ठेवला आणि माईक अर्थातच माझ्याकडं आला. मला त्या माईकवरून एकच गोष्ट सांगायची होती. साहेब ज्या म्हाताऱ्याला वाचवायला धावले, त्या म्हाताऱ्याला गाव वर्षभर बोल लावत होतं. त्याची चूक नव्हती, चूक माझी होती. हे मला ठाऊक होतं, म्हाताऱ्याला ठाऊक होतं, तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मी, ज्याचा आवाज दोन गावं सोडून जातो, तो वर्षभर गप्प बसलो होतो.

साहेब मूळचे शिरोळकडचे. तिकडं नजर जाईल तिथवर ऊस. जंगल बघायचं तर माणसानं सहलीला जावं लागतं. असल्या मुलखातला माणूस वनखात्यात कसा आला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "लहानपणापासून ऊसच बघितला की हो. म्हटलं, बघू तरी, झाड कसं असतंय." साखरेच्या पट्ट्यातला माणूस आणि चहा बिनसाखरेचा प्यायचा. अंगानं इतके बारीक की वर्दीत ते कुठं संपतात आणि हवा कुठं सुरू होते ते कळायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी स्वतः खिळ्यानं दोन भोकं जादा पाडली होती. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्यांना कुत्र्यांची भीती वाटायची. साप गोणपाटात धरून नेणारा हा माणूस, आमच्या गल्लीत यायचं झालं की कोपऱ्यावरून फोन करायचा, "मालक, ते तांबडं कुत्रं बांधलंय का?"

त्यांची अजून एक तऱ्हा होती. ते गव्याला अहोजाहो करायचे आणि गर्दीला अरेतुरे. गवा उसातून बाहेर आला की हे हलक्या आवाजात म्हणणार, "या, या, इकडून या. काही घाई नाही." आणि मागं वळून पोरांच्या घोळक्याला, "ए, खाली उतर झाडावरनं! फोटो काढतोयस व्हय रं? तुझाच फोटो लावाय लागंल चौकात!" त्यांचं म्हणणं असं, की गव्याला वाट मोकळी दिली की तो आपला गुमान जातो. माणसाला वाट मोकळी दिली की तो पुढं सरकतो. तेव्हा खरं काम गव्याचं नाहीच, खरं काम माणसांचं.

त्या कामासाठी त्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा शाळेच्या मागच्या उसात गवा बसला होता. साहेब म्हणाले, लोकांना सांगा, घराबाहेर पडू नका. मी आदल्याच दिवशी कुस्तीच्या मैदानाची दवंडी देऊन आलो होतो, घसा तापलेला होता. मी सुरू केलं, "सावधान, सावधान, सावधान! दाजीपूरच्या जंगलातून, टनभर वजनाचा, काळाकभिन्न, चारी पायांत पांढरे मोजे घातलेला गवा, आपल्या गावी, शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीशेजारच्या उसात आलेला आहे! तरी कुणीही, कुणीही घराबाहेर पडू नये!"

पंधरा मिनिटांत सगळा गाव शाळेच्या मागं. बायका कडेवर पोरं घेऊन आल्या. एक पाहुणे जेवणाच्या ताटावरून उठून आले होते, त्यांच्या हाताला रस्सा होता. कुणीतरी आपल्या अधू आजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं होतं. भेळवाल्यानं गाडा लावला. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मला म्हणाले, "मालक, बाहेर पडू नका म्हणालात ते ठीक. पण पत्तापण दिलात की तुम्ही."

गवा त्या दिवशी अंधार पडेस्तोवर उसातच बसून राहिला आणि साहेब उपाशीपोटी त्याच्यासमोर.

दुसऱ्यांदा गवा आला तेव्हा माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. माझा मेव्हणा गडमुडशिंगीला असतो. सकाळीच त्याच्याशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. इकडं गर्दी हटेना. साहेब हात जोडतात, पोलीस शिट्टी मारतो, कुणी ढिम्म हलेना. माझा पारा चढला. मी माईक घेतला आणि ओरडलो, "गवा इथं नाही! गवा गेला! गवा गडमुडशिंगीला गेला!"

मग फटाफट गाड्या सुरू झाल्या. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरल्या. धुरळा खाली बसला तेव्हा तिथं मी, साहेब, पोलीस आणि भेळवाला एवढेच उरलो होतो. उसातून गवा बाहेर आला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, रस्ता ओलांडला आणि डोंगराच्या वाटेला लागला. साहेब त्याला "सावकाश" म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मालक, इथून गडमुडशिंगीला जायचं तर गव्याला अख्खं कोल्हापूर शहर ओलांडावं लागेल."

"कुणी विचारलं का साहेब?" मी म्हणालो.

दुपारी मेव्हण्याचा फोन. "दाजी, गावात माणसं उतरल्यात ट्रॉल्या भरून. समदी मला इचारत्यात, गवा कुठं हाय? तुमचं नाव सांगत्यात. पावणं म्हणून च्या तरी पाजायला नको? आमची ही चुलीफुडनं उठली न्हाय अजून!" भांडण मिटवायचा हा नवा मार्ग सापडल्याचा मला आनंद झाला.

तेव्हापासून ती आमची रीतच झाली. गवा एकीकडं आणि माझा भोंगा दुसरीकडं. साहेबांना ते पटत होतं असं नाही. ते म्हणायचे, "मी सरकारी माणूस. माझ्या तोंडून खोटं नको आणि माझ्या कानावरही नको." म्हणून मी माईक हातात घेतला की ते खिशातून मोबाइल काढून कानाला लावायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. मोबाइल बंद असायचा. एकदा तसाच कानाला लावलेला असताना वाजला आणि ते दचकून बांधावरून खाली पडले. मी हसलो तर म्हणाले, "हसू नका, हे कर्तव्यावर झालेलं आहे."

दोन वर्षं आम्ही हे केलं. एकाही माणसाला ओरखडा नाही आणि एकाही गव्याला दगड लागला नाही. मी फुगलो. दुसऱ्या तालुक्यातून मला बोलावणी यायला लागली. पण आमची माणसं काही खुळी नव्हेत. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की स्पीकरवाला ज्या बाजूचं नाव घेतो, ती बाजू सोडून गवा कुठंही असतो. पोरं माझी दवंडी ऐकायची आणि बरोबर उलट्या दिशेला गाडी मारायची. हे लोण घरापर्यंत आलं. बायकोनं विचारलं, जेवलाय का? मी म्हणालो, जेवलोय. तिनं ताट वाढलं.

साहेबांना हे कटिंगच्या दुकानात कळलं. न्हाव्यानं अर्धी दाढी करता करता त्यांना समजावून सांगितलं की स्पीकरवाल्याचं उलटं धरायचं असतं. ते तशीच अर्धी दाढी घेऊन माझ्याकडं आले. तांबडं कुत्रं मोकळं होतं, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"मालक, हे आता बंद करायचं," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी खरं सांगायची वेळ येईल. त्या दिवशी काय करणार?"

"त्या दिवशी आवाज वेगळा लावतो की साहेब," मी म्हणालो, आणि हसलो.

ते हसले नाहीत. माझ्या त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तो दिवस थंडीत आला. ऊसतोड सुरू होती. एक म्हातारा नर गवा कळपातून फुटून खाली आला होता. त्याच्या पायात कुंपणाची तार रुतली होती आणि दोन्ही बाजूंनी ऊस तोडत आणलेला, त्यामुळं तो ओढ्याकाठच्या शेवटच्या पट्टीत अडकून पडला होता. साहेबांनी सकाळी फोन केला. "आज खरं सांगायचं. ओढ्याच्या बाजूला कुणी जायचं नाही. तो दुखावलेला आहे, वाट दिली तरी जाणार नाही. डॉक्टर येईपर्यंत त्याच्याजवळ माणूस नको."

मी खरं सांगितलं. आयुष्यात इतकी साधी दवंडी मी दिली नव्हती. ना सावधान, ना टनभर वजन. "आज गवा ओढ्याच्या बाजूला आहे. ओढ्याच्या रानात जाऊ नका." गावातून तीन फेऱ्या मारल्या.

पोरांनी गाड्या काढल्या आणि सगळी उलट्या बाजूला, माळावर गेली. मोबाइल उंच धरून रिकाम्या माळावर गवा हुडकत बसली. ओढ्याकडं चिटपाखरू नाही. साहेबांनी मला टाळी दिली. "मालक, खरं बोलूनपण काम झालं की!" आम्ही दोघं खूश. ज्यांना गवा बघायचा होता त्यांचा आम्ही बंदोबस्त केला होता. ज्यांना गवा बघायचा नव्हता, त्यांचा विचार आमच्या डोक्यात आलाच नाही.

वरच्या आळीच्या आबांना गवा बघायचा नव्हता. त्यांना गव्याची भीती वाटायची. त्यांची म्हैस मात्र सकाळपासून ओरडत होती आणि तिला वैरण पाहिजे होती. त्यांचं एक रान माळाला, एक ओढ्याला. त्यांनी माझी दवंडी नीट ऐकली, विचार केला आणि विळा घेऊन ओढ्याच्या रानात गेले.

साहेबांना आधी त्यांची टोपी दिसली, उसाच्या कडेनं हलत जाणारी. ओरडले असते तर गवा बिथरला असता. ते काही न बोलता धावले. मी त्या माणसाला कधी धावताना बघितलं नव्हतं. गवा उठला, तेव्हा आबा आणि तो यांच्यात दहा-बारा पावलं असतील. साहेब मध्ये शिरले, टाळ्या वाजवल्या आणि बाजूला सरकत गेले, म्हणजे गव्यानं आपल्याकडं बघावं. त्यानं बघितलं.

आम्ही साहेबांना जीपमध्ये घातलं. मी रिक्षा पुढं घातली आणि भोंग्यावरून शहरापर्यंत ओरडत गेलो, वाट द्या, वाट द्या. लोकांनी दिली. तरी ते वाटेतच गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. पोलीस आणि वनखात्याचे मोठे साहेब पंचायतीत बसले. आबांना विचारलं, "स्पीकर तीन वेळा फिरला. तुम्हाला ऐकू आला नाही?" मी दारातच उभा होतो. आबांनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं, आणि म्हणाले, "न्हाय ऐकू आलं. कान गेल्यात माझं."

आबांचे कान! चौथ्या घरातल्या गवळणीनं दुधात पाणी ओतलं तर ह्या माणसाला आवाजावरून किती ओतलं ते कळतं. बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "तू वढ्याचं नाव घेतलंस, म्हंजी वढ्याला न्हाय, असं धरलं मी. आता ते सांगून काय करू? तुझं पोट हाय त्या भोंग्यावर."

मी तेव्हाच परत आत जाऊन खरं सांगायला पाहिजे होतं. गेलो नाही. रिक्षाचे हप्ते, पोरीचं कॉलेज, अशी कारणं मनाशी घोकत घरी गेलो. खरं कारण एकच, मी भ्यालो. साहेब दुखावलेल्या गव्यासमोर उभे राहिले आणि मला चार खुर्च्यांवर बसलेल्या माणसांसमोर उभं राहवलं नाही.

गावानं आबांचं नाव "बहिरा" पाडलं. लोक समोर येऊन मुद्दाम ओठ हलवायचे, आवाज न करता. कुणी म्हणायचं, एवढा सोन्यासारखा अधिकारी गेला आणि हे काय राहिलं. आबा चावडीवर बसायचे बंद झाले. डेअरीत दूध घालायला सुनेला पाठवायला लागले. आणि मी गल्लीबोळातून फिरत होतो, उद्या पाणी येणार नाही, उद्या पाणी येणार नाही.

स्मृतिदिनाला शाळेच्या पटांगणात मांडव घातला. साहेबांच्या पत्नी आणि आई शिरोळहून आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. माणूस चांगला होता म्हणून गर्दी मोठी होती. मीच चौकापर्यंत आठ भोंगे बांधले होते. आदल्या दिवशी एका हळदीचा कार्यक्रम होता, त्यात गायकाला एको लावून दिला होता, तो काढायचा राहिला. त्यामुळं सरपंच "आदरांजली" म्हणाले ते तीन वेळा ऐकू आलं. एका पुढाऱ्यानं साहेबांबद्दल बोलायला सुरुवात केली आणि वाटेत कुठंतरी रस्त्याच्या डांबरीकरणावर गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्यानं गव्याला वाघ म्हटलं. साहेबांची आई शेजारणीला विचारत होती, "ह्यो कुणाबद्दल बोलतोय?"

आबा अगदी शेवटी, मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. वर्षात पहिल्यांदाच चारचौघांत आले होते.

शेवटी मी आभार मानायला उभा राहिलो. आणि सांगितलं. म्हणालो, आबांना त्या दिवशी सगळं ऐकू आलं होतं. दोन वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो, म्हणून त्या दिवशी त्यांनी माझं उलटं धरलं. साहेबांनी मला आधी सांगितलं होतं, हे बंद करा. मी हसलो होतो. आबांनी माझ्यासाठी बहिरेपण घेतलं. त्यांना बोलू नका, मला बोला.

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं. स्पीकरवाला आज काय नवीन काढतोय, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात आबांनी हात कानामागं धरला आणि मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतोय त्यो? मला काय ऐकू येत न्हाय."

अख्खा मांडव हसला. पोलीस हसला, सरपंच हसले. वर्षभर शिव्या खाल्लेला माणूस अजूनही मलाच वाचवत होता आणि लोक त्याच्यावर हसत होते. मला रडू फुटलं. मी माईक बाजूला धरायला विसरलो. माझा हुंदका आठ भोंग्यांतून चौकापर्यंत गेला, आणि एकोमुळं एकेक हुंदका तीन-तीनदा गेला. असलं रडणं आमच्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. एस.टी. थांब्यावर उभी असलेली माणसं कोण गेलं म्हणून बघायला आली. मला थांबता येईना. मी एक थांबवायचो तर मागचे दोन अजून भोंग्यात चालूच.

हसणं हळूहळू विरलं. एकेकानं मान वळवून आबांकडं बघितलं. लोकांना कळलं.

साहेबांच्या पत्नी उठल्या, आबांपर्यंत गेल्या आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या. आबा अवघडून गेले. मग काठी टेकत, माणसांतून वाट काढत ते व्यासपीठापर्यंत आले. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला, बटण कुठं असतं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून वायरच उपसून काढली. मग आपल्या साध्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "लई रडलास. बस आता. साहेब माझ्यासाठी पळालं. त्यात तुझा वाटा काढू नको."